हीटमध्ये शेवटी ढील द्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या तालुका स्पर्धा सुरू झाल्या की माझा फोन थांबत नाही. दारव्हा, नेर, दिग्रस या भागातले पालक, नवे क्रीडाशिक्षक आणि पोरं-पोरी फिरून फिरून एकच गोष्ट विचारतात. हीटमध्ये पुढे असताना शेवटच्या काही मीटरमध्ये वेग सोडावा की नाही? पतंगाचा मांजा सैल सोडावा तसं, म्हणून आम्ही मैदानावर याला 'ढील देणं' म्हणतो. आलेले प्रश्न खाली क्रमाने लावले आहेत. जे एका उत्तरात आलं आहे ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हीट म्हणजे नेमकं काय? तिच्यात पहिलं यावंच लागतं का?

मैदानावर लेन सहा किंवा आठ, आणि धावणारे चाळीस. सगळे एकदम धावू शकत नाहीत, म्हणून गट पाडून पळवतात. तो प्रत्येक गट म्हणजे एक हीट. हीटमधून सेमीफायनल, सेमीतून फायनल. धावणारे कमी असतील तर सेमी नसते, हीटमधून थेट फायनल होते.

पहिलं यावंच लागतं असं नाही. किती जण पुढे घेणार ते आधी ठरलेलं असतं, 'प्रत्येक हीटमधले पहिले दोन' किंवा 'पहिला एक आणि उरलेल्यांतले सर्वांत वेगवान चार' असं काहीतरी. हे वाक्य शर्यतीआधी तुमच्या कानावर पडलंच पाहिजे. तालुक्याच्या मैदानावर ते कधी माईकवर सांगतात, कधी सांगतच नाहीत. पंचांकडे जाऊन विचारा. ढील द्यायची की नाही हा पुढचा सगळा विचार या एका वाक्यावर उभा आहे.

२. निकालपत्रात नावापुढे मोठा क्यू (Q) आणि छोटा क्यू (q) का असतो?

मोठा क्यू म्हणजे क्रमांकावर पात्र, छोटा क्यू म्हणजे वेळेवर पात्र. पॅरिस २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटरच्या पहिल्या फेरीत आठ हीट होत्या. प्रत्येकीतले पहिले तीन आणि त्याशिवाय वेळेवर तीन, असे सत्तावीस जण सेमीत गेले. तिथल्या तीन शर्यतींतून पहिले दोन-दोन आणि वेळेवर दोन, असे आठ फायनलला.

मोठा क्यू तुमच्या हातात असतो, कारण ज्यांना हरवायचं ते तुमच्या शेजारच्या लेनमध्ये धावत असतात. छोट्या क्यूसाठी पुढच्या हीटमध्ये कोण किती पळतो याची वाट बघत बसावं लागतं.

३. मोठे धावपटू शेवटी ढील देतात, त्यातून खरंच काही वाचतं का?

वाचतं. पण लोकांना वाटतं तितकं १०० मीटरमध्ये वाचत नाही. दहा-अकरा सेकंदांच्या शर्यतीत शेवटचे दहा मीटर म्हणजे एक सेकंद. त्या एका सेकंदात दम फारसा वाचत नाही, मांडीच्या मागच्या स्नायूवरचा ताण मात्र वाचतो. तो स्नायू शर्यतीच्या शेवटी, थकवा आलेला असताना आणि पाय पुढे फेकला जात असताना, सर्वांत जास्त ताणला जातो. दोन दिवसांत तीन-चार वेळा पूर्ण ताकदीने धावायचं असेल तर हा ताण कमी केलेला बरा.

उसेन बोल्टचे रिओ २०१६ चे आकडे बघा. पहिली फेरी १०.०७, सेमीफायनल ९.८६, फायनल ९.८१. जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत गेलेले. पहिल्या फेरीत त्याने लागेल तेवढंच दिलं.

उलट उदाहरणही त्याच स्पर्धेतलं आहे. २०० मीटरच्या सेमीत कॅनडाचा आंद्रे डी ग्रास शेवटपर्यंत बोल्टच्या अंगावर आला. बोल्ट १९.७८, डी ग्रास १९.८०. दोघे रेषेवर एकमेकांकडे बघून हसले आणि बोल्टने बोट हलवून त्याला दटावलं. फायनलला बोल्ट पुन्हा १९.७८ धावला, डी ग्रास २०.०२ वर आला. रौप्य मिळालं, पण त्याची सर्वांत चांगली धाव सेमीतच खर्ची पडली होती. फायनल मंदावण्यामागे आणखीही कारणं असतील. तरी मी हे आकडे दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून दाखवते.

४. "मॅडम, बोल्ट करते तं चालते, आमच्या पोट्ट्यानं केलं तं काऊन नाही चालत?"

हा प्रश्न बहुतेक वेळा बीजिंग २००८ च्या फायनलचा व्हिडिओ बघून येतो. त्यात बोल्टने रेषेआधीच हात पसरले आणि छातीवर थाप मारली. वेळ आली ९.६९, तेव्हाचा विश्वविक्रम. दुसरा आलेला रिचर्ड थॉम्पसन ९.८९ वर होता. वीस शतांश, म्हणजे त्या वेगाला जवळजवळ दोन मीटर. एवढं अंतर मागे ठेवून त्याने वेग सोडला.

पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये तोच बोल्ट रेषेपर्यंत धावला आणि ९.५८ आले. पोट्ट्याला दोन्ही व्हिडिओ दाखवा, एकच दाखवू नका.

आपल्या पोरांच्या हीटमध्ये पहिल्या आणि तिसऱ्यात बऱ्याचदा हातभर अंतर असतं. तेवढ्यात ढील द्यायला जागाच नसते. किती जागा लागते त्याचा हिशोब प्रश्न ६ मध्ये आहे.

५. "माही पोरगी हीटमंदी पयली आली. तरी तुमी तिच्यावर काऊन रागावल्या?"

भाऊ, तुमची पोरगी पहिली आली याचा मला तुमच्याइतकाच आनंद आहे. मी रागावले ते तिने नव्वद मीटरवर हात खाली सोडून मागे वळून बघितलं म्हणून. त्या दिवशी मागे कोणी नव्हतं. अमरावतीला विभागाच्या मैदानावर यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि अमरावती अशा पाच जिल्ह्यांतल्या निवडून आलेल्या पोरी असतात. तिथे मागे कोणीतरी असतंच.

मी हे सांगू शकते कारण मी ते केलं आहे. सतरा वर्षांखालच्या गटात, विभागीय स्पर्धेत, २०० मीटरच्या हीटमध्ये. प्रत्येक हीटमधल्या पहिल्या दोघी फायनलला जाणार होत्या. वळण संपलं तेव्हा मी पुढे होते. आतल्या लेनची पोरगी मागे पडलेली दिसली आणि मी फायनलसाठी दम राखायला लागले. बाहेरच्या लेनकडे माझं लक्षच नव्हतं. रेषेवर दोघी छाती पुढे टाकून माझ्या आधी गेल्या. मी तिसरी. माझ्या सरांनी एक शब्दही काढला नाही. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर कापसाची शेतं पांढरी झाली होती आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. फायनल जिंकणारीची वेळ माझ्या सरावातल्या वेळेपेक्षा जास्त होती असं नंतर कळलं, ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

तुमच्या पोरीला तशा एसटीत बसावं लागू नये, म्हणून रागावले.

६. मग किती पुढे असलं म्हणजे ढील देता येते?

साधा हिशोब करू. पोरगा १०० मीटर साडेबारा सेकंदांत पळतो, म्हणजे सरासरी सेकंदाला ८ मीटर. शेवटच्या दहा मीटरला त्याला सव्वा सेकंद लागायला हवा. त्याने ढील दिली आणि रेषेपर्यंत वेग ८ वरून ६ वर आला, तर सरासरी ७ पडते आणि त्याच दहा मीटरला १.४३ सेकंद लागतात. गेले अठरा शतांश. मागचा पोरगा ८ च्या वेगानेच येत असेल तर तेवढ्या वेळात तो जवळजवळ दीड मीटर भरून काढतो.

म्हणून माझ्याकडे नियम असा आहे: जो पहिला *अपात्र* ठरणार आहे, तो तुमच्यापेक्षा किमान तीन मीटर मागे हवा. पहिले दोन घेणार असतील तर तिसरा. दुसरा किती मागे आहे याने फरक पडत नाही. आणि तिसरा तीन मीटर मागे आहे हे मान न वळवता कळत नसेल, तर तो तिथे नाही असं समजून धावायचं.

चौदा वर्षांखालच्यांना मी ढील शिकवतच नाही. त्यांनी रेषेच्या पुढे दहा मीटरपर्यंत पळत जावं, बस.

७. ढील देणं आणि ब्रेक मारणं यात फरक काय?

फार मोठा, आणि दुखापती इथेच होतात. ब्रेक मारणारा पोरगा अंग मागे टाकतो, टाच आधी टेकवतो आणि गुडघ्यावर सगळा भार घेतो. काळ्या मातीच्या मैदानावर, जिथे पावसानंतर भेगा आणि ढेकळं असतात, तिथे असा अचानक थांबलेला पाय मुरगळतो किंवा मांडी भरते.

ढील देताना धावण्याचा आकार तोच राहतो. कंबर उंच, पावलं तेवढीच लांब, हात चालू. फक्त जमिनीला मागे ढकलण्याचा जोर कमी होतो. सरावात याला फ्लोट म्हणतात. तीस मीटर पूर्ण जोर, वीस मीटर फ्लोट, पुन्हा वीस मीटर पूर्ण जोर. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण ज्याला फ्लोटमधून पुन्हा जोर लावता येतो त्यालाच हीटमध्ये ढील द्यायचा अधिकार. मागचा अंगावर आला तर त्याच्याकडे उत्तर असतं. आठवड्यात एकदा, चार-पाच वेळा, मध्ये चांगली पाच मिनिटं विश्रांती. टप्पे दाखवायला कडेला विटा ठेवल्या की काम भागतं.

८. बाजूला बघून अंदाज घेतला तर चालेल का?

नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पाऊल लेनच्या रेषेकडे जातं आणि वेग थोडा का होईना कमी होतो. तेवढ्याने काय जातं ते बघा. रोम १९६० मध्ये ४०० मीटरच्या फायनलला मिल्खा सिंग चौथे आले. आपण अडीचशे मीटरच्या आसपास वेग थोडा आवरला आणि तिथेच पदक गेलं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले.

नजरेच्या कोपऱ्यातून जेवढं दिसतं तेवढंच बघायचं. २०० आणि ४०० ला तर बाहेरच्या लेनचे तुमच्या पुढून सुटलेले असतात, त्यामुळे अंदाज आणखी चुकतो. माझा चुकला तो असाच.

९. रेषा नेमकी कुठली? आमच्या मैदानावर फक्कीच्या चार-चार रेषा असतात.

याच गोंधळाने जगातला एक मोठा धावपटू जवळजवळ बाहेर गेला होता. २००८ साली अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड चाचणीत पहिल्याच फेरीत टायसन गेने दुसरीच रेषा शेवटची समजून वेग सोडला. चूक लक्षात आल्यावर पुन्हा पळाला आणि कसाबसा चौथा येऊन पुढे गेला. पुढच्याच फेरीत त्याने ९.७७ चा अमेरिकन विक्रम केला. एवढी ताकद अंगात असलेला माणूस फक्कीच्या एका रेषेपायी घरी गेला असता.

आपल्याकडे एकाच मैदानावर खो-खो, कबड्डी आणि रिलेच्या रेषा एकावर एक मारलेल्या असतात. वॉर्म-अपच्या वेळी शेवटच्या रेषेपर्यंत चालत जा आणि तिच्याजवळची एखादी खूण धरा, कडुनिंबाचं झाड, पंचांचं टेबल, काहीही. नजर त्या खुणेच्याही पुढे ठेवायची. निकाल छातीवर, म्हणजे धडावर लागतो. डोकं, हात, पाय आधी पोचले तरी मोजत नाहीत. त्यामुळे हात वर करून रेषा ओलांडणारा स्वतःचंच नुकसान करतो.

१०. स्टॉपवॉचवर वेळ घेतात तिथे ढील दिली तर काय होतं?

रेषेवरच्या फोटो-फिनिश कॅमेऱ्याने वेळ घेतात त्यापेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं. हातघड्याळाची वेळ नियमाप्रमाणे पुढच्या दशांशावर नेतात. १२.३९ आले तर १२.४ लिहितात, पण १२.४१ आले तर १२.५. दोन शतांशांच्या ढिलाईने कागदावर पूर्ण एक दशांश गेला.

त्यात प्रत्येक हीटला घड्याळ धरणारा अंगठा वेगळा. एका पंचाचा अंगठा लवकर दबतो, दुसऱ्याचा उशिरा. नियमाने पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळं हवीत. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. तालुक्याला तीन घड्याळं मी क्वचितच बघितली आहेत. म्हणून हातघड्याळाच्या स्पर्धेत छोट्या क्यूवर विसंबू नका, क्रमांक घ्या.

११. दोघांची वेळ अगदी सारखी आली आणि जागा एकच उरली तर?

फोटो-फिनिश असेल तर सहस्रांशापर्यंत बघतात. पॅरिसच्या १०० मीटर फायनलला नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांपुढे ९.७९ लिहिलं गेलं, पण सुवर्ण लाइल्सला मिळालं, ९.७८४ विरुद्ध ९.७८९. सहस्रांशही जुळले तर शक्य असल्यास दोघांना पुढे घेतात, जागा नसेल तर चिठ्ठी टाकतात. वर्षभराच्या सरावाचा निकाल चिठ्ठीवर गेलेला कोणालाच नको असतो.

एक शतांश म्हणजे किती, असं पोरं विचारतात. आपल्या साडेबारा सेकंदवाल्या पोरासाठी आठ सेंटिमीटर, चार बोटांच्या रुंदीएवढं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर हर्डल्सचं कांस्य एवढ्यानेच गेलं, ५५.४१ आणि ५५.४२.

१२. फायनलला चांगली लेन मिळावी म्हणून हीट जोरात पळावी का?

थोडा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. नियमानुसार होणाऱ्या स्पर्धांत आधीच्या फेरीतल्या क्रमांकावर आणि वेळेवर लेन ठरते आणि चांगल्या कामगिरीच्या धावपटूंना मधल्या लेन मिळतात. १०० मीटरला लेनने फारसं बिघडत नाही. २०० ला बिघडतं, कारण पहिल्या लेनचं वळण सर्वांत आवळ असतं. म्हणून २०० ला हीट जिंकून मगच ढील द्या, दुसरं येऊन नको. ग्रामीण मैदानांवर मात्र लेन पुष्कळदा चिठ्ठ्यांनी देतात, तेही आधीच विचारून घ्या.

१३. ४०० मीटरला पण हाच सल्ला का?

नाही. ४०० ला ढील दिल्याने खरंच दम वाचतो. शेवटचे पन्नास मीटर ओढत नेलेला पोरगा तासाभराने पुन्हा धावायच्या अवस्थेत नसतो. तीनशे मीटरपर्यंत मोकळं धावून जागा पक्की झाली की शेवटचे तीस मीटर सैल सोडणं हे तिथे शहाणपण आहे. प्रश्न ६ चा तीन मीटरचा नियम मात्र इथे मी आठ मीटरचा करते, कारण थकलेल्या पायांना पुन्हा वेग धरता येत नाही.

पॅरिस ऑलिम्पिकपासून २०० ते १५०० मीटर आणि हर्डल्सला रिपेचाज आली, म्हणजे पहिल्या फेरीत क्रमांकावर न आलेल्यांना आणखी एक संधी. १०० मीटरला ती नाही. आपल्या शालेय स्पर्धांत मी ती कुठेच बघितलेली नाही, तेव्हा 'पुन्हा संधी मिळते' या भरवशावर राहू नका.

१४. एकाच दिवशी हीट, सेमी, फायनल, वरून लांब उडी. तेव्हा दम कसा राखायचा?

तो ढिलाईपेक्षा सावलीत जास्त राखला जातो. ऑक्टोबरच्या उन्हात दोन हीटांच्या मध्ये मैदानभर हिंडणारा पोरगा जेवढी ताकद घालवतो, तेवढी दहा मीटरच्या ढिलाईने कधीच परत मिळत नाही. शर्यत झाली की पाच मिनिटं चाला, मग झाडाखाली बसा, स्पाईक काढा. थोडं थोडं पाणी, चिमूटभर मीठ-साखर घालून. केळं, गूळ-शेंगदाणे चालतात. तर्री-पोहे फायनल झाल्यावर. पुढच्या शर्यतीआधी वीस मिनिटं पुन्हा अंग गरम करा, थंड पायांनी ब्लॉकवर जाऊ नका.

१५. पोलीस भरतीच्या १०० मीटरला शेवटी सोडलं तर चालेल का?

अजिबात नाही. तिथे हीटही नाही आणि फायनलही नाही. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण १०० मीटरचे, आणि ते फक्त सेकंदांवर मिळतात. शेजारच्याला दहा मीटरने हरवलं तरी त्याचा एक गुणही जास्त मिळत नाही. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, बघितला असेल तर समजेल, तिथे बैलजोडी घड्याळाशी धावते. भरतीही तशीच. रेषा ओलांडून दहा मीटर पुढे जाईपर्यंत जोर कायम. हीटची सवय लागलेली पोरं इथे गुण घालवतात, म्हणून भरतीच्या तीन महिने आधी मी त्यांचा फ्लोट पूर्ण बंद करते.

१६. मुद्दाम हळू धावणं नियमात गुन्हा आहे का?

पुढे असताना ढील देणं गुन्हा नाही. पण प्रामाणिक प्रयत्नच केला नाही असं पंचांना वाटलं, तर त्या स्पर्धेतल्या पुढच्या सगळ्या प्रकारांतून बाद करता येतं, रिलेसुद्धा त्यात आली. लंडन २०१२ ला अल्जेरियाचा तौफिक मखलूफी ८०० मीटरच्या हीटमध्ये थोडं धावून थांबला आणि त्याला बाद केलं. दुखापतीचा वैद्यकीय दाखला मान्य झाला म्हणून परत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरायला बघणाऱ्या बॅडमिंटनच्या चार महिला जोड्या घरी पाठवल्या गेल्या.

दुखत असेल तर शर्यतीआधी पंचांना सांगा आणि डॉक्टरचा कागद घ्या.

१७. माझी मैत्रीण माझ्याच हीटमध्ये आहे. तिला पात्र करायला मी मागे राहिले तर?

हा प्रश्न तीन पोरींनी वेगवेगळ्या वर्षी विचारला आहे, आणि प्रत्येकीचा हेतू चांगला होता. तरी करू नका. प्रश्न १६ मधला नियम नेमका यासाठीच आहे. शिवाय तुम्ही सोडलेली जागा मैत्रिणीलाच मिळेल याची खात्री काय? तिसऱ्या लेनची पोरगी ती घेऊन जाऊ शकते. मैत्रिणीला मदत करायची तर रोज सकाळी सरावाला तिला सोबत पळवा.

१८. आमच्या हीटला तिघेच हजर होते आणि तिघेही पुढे जाणार होते. मग पळायचं तरी कशाला?

खेड्यातल्या स्पर्धांत हे नेहमी होतं, सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर जास्तच. पळायचं, पण ही हीट सरावासारखी वापरायची. स्टार्ट पूर्ण ताकदीने घ्या, कारण नव्या मैदानावर ब्लॉक कसा बसतो ते आत्ताच कळेल. साठ मीटरपर्यंत जोर ठेवा, मग फ्लोट. लेन सोडू नका. फॉल्स स्टार्ट करू नका, तिघांतही माणूस बाद होतो. आणि चालत रेषा ओलांडू नका. गेल्या हंगामात एका पोराने तसं केलं, पंचांनी त्याला बोलावून समज दिली आणि फायनलच्या स्टार्टला तो इतका बावरला होता की बंदुकीनंतर अर्धा सेकंद जागेवरच राहिला.